आधी रीसेट नको: स्मार्ट उपकरणं ऑफलाइन का जातात ते शोधताना

‘डिव्हाइस ऑफलाइन’ असं मोबाइलवर दिसलं की बहुतेक घरांत एकच उपाय होतो. प्लगचं बटण दाबून धरायचं, दिवा भराभर लुकलुकायला लागला की प्लग नव्याने जोडायचा. दोन दिवस बरं चालतं, मग पुन्हा तेच रडगाणं. रीसेट केल्यावर उपकरणातली जुनी नोंद तर पुसली जातेच, पण बिघाड नेमका कशात होता याचा मागही पुसला जातो. म्हणून असं काम हातात घेतलं की आम्ही पहिली अट घालतो: कारण सापडेपर्यंत घरातल्या कोणीही काहीही रीसेट करायचं नाही.

इथे मांडतोय ते काम पुण्यात बाणेरमधल्या तीन बेडरूमच्या फ्लॅटचं आहे. घरात तीसएक उपकरणं होती. स्विचबोर्डात बसवलेली, मोबाइलवरून दिवे चालू-बंद करणारी वायफाय मॉड्यूल, काही रंगीत बल्ब, गिझरचा १६ अँपिअरचा प्लग, स्वयंपाकघरातला एक साधा प्लग, आणि दारं-खिडक्यांवर झिगबीचे (वायफायहून वेगळी, कमी विजेवर चालणारी बिनतारी पद्धत) बॅटरीवरचे सेन्सर. तक्रारी पाच होत्या. मागच्या बेडरूममधली मॉड्यूल दिवसभर येऊन-जाऊन असत. गिझर सुरू केला की त्याचा प्लग गायब व्हायचा. स्वयंपाकघरातला प्लग जेवणाच्या सुमाराला हरवायचा. लाइट जाऊन आली की निम्मं घर परत येत नसे. आणि सेन्सर कधी बोलतील, कधी नाही, याचा काही नेम नव्हता. इंटरनेट कमी पडतंय असं समजून घरच्यांनी १०० एमबीपीएसचा प्लॅन ३०० चा करून घेतला होता. त्याने फरक पडणार नव्हताच. चालू-बंद होणाऱ्या प्लगला सेकंदाला काही किलोबिटसुद्धा पुरतात. त्याला वेग नको असतो, न तुटणारी जोडणी हवी असते.

साखळी कुठे तुटली?

मोबाइलवरचं बटण आणि प्लगमधला रिले (वीज जोडणारा-तोडणारा स्विच) यांच्यामध्ये बरेच टप्पे असतात: प्लगला मिळणारी वीज, प्लग ते राउटर हा रेडिओचा दुवा, राउटरने घरातल्या प्रत्येक उपकरणाला दिलेला क्रमांक म्हणजे आयपी पत्ता, इंटरनेट, कंपनीचा सर्व्हर, आणि तिथून परत मोबाइल. यातलं काहीही तुटलं तरी ॲपवर तेच ‘ऑफलाइन’ येतं. म्हणून ॲप बाजूला ठेवायचं आणि राउटरचं पान उघडायचं. ब्राउझरमध्ये बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ टाकलं की ते येतं. तिथे जोडलेल्या उपकरणांची यादी असते. स्वस्त उपकरणांपैकी बऱ्याच जणांच्या आत एस्प्रेसिफ कंपनीची ईएसपी८२६६ किंवा ईएसपी३२ ही वायफाय चिप असते, त्यामुळे यादीत ‘ईएसपी’ने सुरू होणारी सारख्याच नावांची रांग दिसते. कुठलं कोण हे कळायला एकेक उपकरण बंद करून यादीतून कोण गेलं ते पाहायचं आणि मॅक पत्त्याची (उपकरणाचा कारखान्यातूनच आलेला क्रमांक) शेवटची चार अक्षरं छोट्या स्टिकरवर लिहून त्या उपकरणाला चिकटवायची. कंटाळवाणं काम आहे, पण पुढचा सगळा शोध त्यावर उभा असतो.

आता ‘ऑफलाइन’ दिसणारं उपकरण घ्यायचं आणि यादीशी ताडून पाहायचं. यादीत नावच नसेल तर ते राउटरपर्यंत पोचलेलंच नाही. दोष विजेत किंवा रेडिओत शोधायचा. नाव आहे, पण पिंग केल्यावर, म्हणजे त्याला छोटा संदेश पाठवल्यावर, उत्तर अडखळत येतंय, मधूनच गळतंय, तर सिग्नल कमजोर आहे किंवा एकाच आयपीवर दोघांनी हक्क सांगितलाय. पिंगला उत्तर झटकन येतंय आणि तरीही ॲप ‘ऑफलाइन’ म्हणतंय, तर घरातलं वायफाय निर्दोष आहे. दोष डीएनएसमध्ये (सर्व्हरच्या नावावरून त्याचा पत्ता शोधून देणारी सेवा), खात्यात किंवा पलीकडच्या सर्व्हरमध्ये आहे. हा तिसरा प्रकार असेल तर उपकरणाला हातही लावायचा नाही. राउटरमध्ये डीएनएस बदलून १.१.१.१ किंवा ८.८.८.८ टाकून बघावा, आणि तरीही काही झालं नाही तर थांबावं.

उपकरण बिघडलंय की घरातलं वायफाय, हे ठरवायला एक चाचणी फार कामी येते. राउटर बंद करायचा. एका मोबाइलचा हॉटस्पॉट सुरू करून त्याला घरच्या वायफायचंच नाव आणि तोच पासवर्ड द्यायचा, बँड २.४ गीगाहर्ट्झ आणि सुरक्षा डब्ल्यूपीए२ ठेवायची. आयफोनमध्ये यासाठी ‘मॅक्सिमाइज कम्पॅटिबिलिटी’ चालू करावं लागतं. मग तो मोबाइल उपकरणाजवळ नेऊन ठेवायचा. उपकरणाला हे आपलंच वायफाय वाटतं आणि ते आपोआप जोडलं जातं. दुसऱ्या मोबाइलवरून ते नीट चालवता आलं, तर उपकरण ठणठणीत आहे. बाणेरच्या घरात मागच्या बेडरूममधली सगळी मॉड्यूल या चाचणीत व्यवस्थित चालली. गिझरचा प्लग मात्र हॉटस्पॉट शेजारी असूनही तसाच पडला. दोन्हींची वाट तिथेच वेगळी झाली.

याच्या जोडीला वेळेची नोंद ठेवायची. पडण्याची वेळ फार बोलकी असते. बरोबर तासातासाने पडणारं उपकरण राउटरच्या ‘ग्रुप की’च्या (सगळ्या उपकरणांची सामायिक सांकेतिक किल्ली) बदलाकडे बोट दाखवतं, बऱ्याच राउटरांत ही मुदत ३६०० सेकंद असते आणि साध्या चिप त्या क्षणी अडखळतात. ती ८६४०० केली की हा त्रास दिवसाला एकदा, इतपत उरतो. पहाटे पडणारी उपकरणं बहुधा राउटरने आपणहून चॅनेल बदलल्यामुळे पडतात. आणि जेवणाच्या वेळी पडणारा प्लग मायक्रोवेव्हशेजारी असतो. मायक्रोवेव्ह २४५० मेगाहर्ट्झच्या आसपास चालतो, म्हणजे नेमका वायफायच्या पट्ट्यात. दाराच्या फटीतून जी अगदी थोडी गळती होते ती माणसाला निरुपद्रवी असते, पण हातभर अंतरावरच्या प्लगचे कान ती बधिर करते.

राउटरच्या आत

अशा उपकरणांपैकी बहुतेकांना फक्त २.४ गीगाहर्ट्झ कळतं. आजचे राउटर २.४ आणि ५ दोन्हींना एकच नाव देतात आणि कोणाला कुठे बसवायचं ते स्वतः ठरवतात. मोबाइलला ते सोयीचं, पण जोडणी करताना मोबाइल ५ वर आणि प्लग २.४ वर, अशी चुकामूक होते. म्हणून दोन्हींची नावं वेगळी करायची. इथे एक काळजी घ्यायलाच हवी: जुनं नाव २.४ कडे ठेवायचं आणि नवं नाव ५ ला द्यायचं. म्हणजे तीस उपकरणं नव्याने जोडावी लागत नाहीत, घरातले चार मोबाइल आणि टीव्ही तेवढे नव्या नावावर न्यायचे. राउटर बदलतानाही हेच. नाव, पासवर्ड आणि सुरक्षेचा प्रकार अक्षर न अक्षर तोच ठेवला, तर उपकरणांना राउटर बदलल्याचं कळतही नाही.

सुरक्षा ‘डब्ल्यूपीए२-पीएसके, एईएस’ ठेवायची. डब्ल्यूपीए३ चांगलं आहे, पण जुन्या चिपना ते कळत नाही, आणि ‘दोन्ही चालेल’ या मिश्र प्रकारातही काही उपकरणं अडतात. मोबाइल-लॅपटॉपसाठी ५ वर डब्ल्यूपीए३ खुशाल ठेवावं. २.४ वर वायफाय ६ ची ‘एएक्स’ पद्धत बंद करून ‘बी/जी/एन’ वर आणायचं. चॅनेलची रुंदी ४० नव्हे, २० मेगाहर्ट्झ.

चॅनेलबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण इथे लोक रिकामी जागा बघून फसतात. २.४ च्या पट्ट्यात चॅनेल ५-५ मेगाहर्ट्झवर आहेत, पण प्रत्येकाची रुंदी २० आहे. म्हणून एकमेकांना न छेदणारे तीनच उरतात: १, ६ आणि ११. मोबाइलवरच्या वायफाय ॲनालायझरमध्ये ३ किंवा ८ मोकळा दिसतो आणि तो निवडावासा वाटतो. तसं करू नये. एकाच चॅनेलवरचे राउटर एकमेकांचं बोलणं ऐकतात आणि आपली पाळी येईपर्यंत थांबतात. अर्धवट छेदणाऱ्या चॅनेलवरच्यांना समोरच्याचं बोलणं समजत नाही, फक्त गोंगाट ऐकू येतो, आणि ३ वर बसलं की तो दोन्ही बाजूंनी येतो. या इमारतीत ११ वर सगळ्यात जास्त गर्दी होती. हॉलमधला राउटर १ वर पक्का केला, ‘ऑटो’ काढून टाकलं. चॅनेल १ चा मध्य २४१२ मेगाहर्ट्झवर आहे, मायक्रोवेव्हपासून पुष्कळ दूर. शिवाय स्वयंपाकघरातला प्लग ओट्याच्या दुसऱ्या टोकाच्या सॉकेटवर नेला. ती तक्रार तिथेच संपली.

आयपी पत्त्यांची गोष्ट थोडक्यात. ज्या उपकरणांवर कशाचं तरी वेळापत्रक बेतलेलं आहे, त्यांचे पत्ते राउटरमध्ये मॅकनुसार राखून ठेवावेत. उपकरणात हाताने पत्ता टाकायचाच असेल तर तो राउटरच्या वाटपाच्या टप्प्याबाहेरचा हवा, नाहीतर तोच पत्ता उद्या पाहुण्यांच्या मोबाइलला मिळतो आणि दोघंही अडतात. स्मार्ट उपकरणं ‘गेस्ट’ वायफायवर टाकण्याची पद्धत सुरक्षेच्या दृष्टीने योग्य आहे. पण तिथे उपकरणांना आपसात बोलू दिलं जात नाही, त्यामुळे इंटरनेट गेलं की घरातल्या घरातही ती मोबाइलला सापडत नाहीत. हे माहीत असूनच तो निर्णय घ्यावा.

भिंत आणि डबा

मागच्या बेडरूमचा प्रश्न यातल्या कशानेही सुटणारा नव्हता. ही इमारत ‘मिवान’ पद्धतीची, म्हणजे ॲल्युमिनियमच्या साच्यात भिंती आणि स्लॅब एकत्रच ओतलेल्या. विटांच्या जुन्या घरात खोल्यांमधली भिंत साडेचार इंची विटेची असते आणि वायफाय तिच्यातून बऱ्यापैकी पार होतं. मिवानमध्ये आतल्या भिंतीही सळईच्या जाळीसकट काँक्रीटच्या असतात. विटांच्या घरात एका राउटरवर भागतं म्हणून इथेही भागेल, हा हिशोब म्हणूनच चुकतो.

सिग्नल डीबीएममध्ये मोजतात आणि आकडा उणे असतो. शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. दर ३ डीबीला ताकद निम्मी होते, १० डीबीला एक दशांश. आमचा अनुभव असा की उणे ६७ पर्यंत सगळं निर्धास्त चालतं, उणे ७५ ला किरकिर सुरू होते आणि उणे ८० च्या पलीकडे उपकरण येऊन-जाऊन असतं. हॉलमध्ये उणे ४८, मधल्या खोलीत उणे ६६ आणि मागच्या बेडरूममध्ये पलंगावर मोबाइल धरून उणे ७४ येत होतं. मोबाइलवर व्हिडिओ चालतो, मग मॉड्यूल का पडतं, हा घरच्यांचा रास्त प्रश्न होता. त्याचं उत्तर स्विचबोर्डाच्या मागे होतं.

एमसीबी पाडून, टेस्टरने खात्री करून बोर्डाची प्लेट काढली. मागे भिंतीत गाडलेला जीआय पत्र्याचा डबा. मॉड्यूल त्याच्या अगदी तळाशी, वायरांच्या गुंडाळ्याखाली दाबलेलं, आणि त्याचा अँटेना, म्हणजे हिरव्या पट्टीवरची तांब्याची नागमोडी रेघ, पत्र्याला टेकलेली. पाच बाजूंनी पत्रा, सहावी बाजू प्लेटची, तीही स्विचांनी आणि वायरांनी भरलेली. अँटेनाला पत्रा चिकटला की तो नुसता सिग्नल अडवत नाही, अँटेनाची जुळणीही बिघडवतो. या मॉड्यूलवर टास्मोटा हे मुक्त सॉफ्टवेअर होतं, त्यामुळे त्याच्या कन्सोलमध्ये ‘स्टेटस ११’ टाकून खुद्द मॉड्यूलला काय ऐकू येतंय ते वाचता आलं: उणे ८५. मोबाइलपेक्षा ११ डीबी कमी, म्हणजे ताकद बारावा हिस्सा. तिथेच ‘लिंक काउंट’ हा आकडाही असतो. सुरू झाल्यापासून जोडणी किती वेळा करावी लागली ते तो सांगतो, आणि दुरुस्ती लागू पडली की नाही हे पाहायला त्याच्याइतका खरा साक्षीदार नाही.

उपाय दोन टप्प्यांत केला. वायरा मागच्या भागात नीट बसवल्या आणि मॉड्यूल पुढे, प्लेटच्या प्लास्टिकला लागून, अँटेनाचं टोक बाहेरच्या दिशेला करून ठेवलं. अँटेना आणि पत्रा यांच्यात निदान १५ मिलिमीटर मोकळे राहतील हे पाहिलं. एवढ्यानेच उणे ८५ चं उणे ७७ झालं. नवीन घराचं वायरिंग चालू असेल तर वायरमनला आधीच सांगून स्मार्ट बोर्डांच्या जागी पीव्हीसीचे खोल डबे बसवून घ्यावेत. खर्चात फरक थोडा, सुख फार.

उरलेल्यासाठी मागच्या खोलीत दुसरा ॲक्सेस पॉइंट, म्हणजे वायफाय सोडणारा डबा, लागणारच होता. बिनवायरीचा रिपीटर अशा भिंतींत कामाचा नसतो, कारण त्यालाही तोच मेलेला सिग्नल मिळतो आणि तो तोच पुढे ढकलतो. वायर न्यायलाच हवी. हॉलपासून बेडरूमपर्यंत टीव्हीच्या केबलचा पाइप बहुतेक फ्लॅटमध्ये आधीच असतो आणि आता वापरात नसतो. जुन्या केबलच्या टोकाला कॅट६ वायर बांधून, जोडावर चिकटपट्टी निमुळती गुंडाळून, एकाने ओढायची आणि दुसऱ्याने पलीकडून सोडायची. आरजे४५ ची पिन वायर ओढून झाल्यावरच लावायची. आधी लावली तर पाइपच्या पहिल्याच वळणावर अडकते. विजेच्या वायरांच्या पाइपातून ही वायर कधीही नेऊ नये.

दुसरा राउटर ‘ॲक्सेस पॉइंट’ मोडवर टाकला, म्हणजे पत्ते वाटायचं काम पहिल्याकडेच राहिलं. हे विसरलं तर घरात दोन वेगळी जाळी होतात आणि हॉलमधल्या मोबाइलला बेडरूममधली उपकरणं दिसत नाहीत. याचं चॅनेल ६ ठेवलं आणि २.४ चं नाव मुद्दाम वेगळं दिलं. सगळीकडे एकच नाव असावं असं बरेच जण सांगतात. मोबाइलसाठी ते बरोबर आहे, कारण मोबाइल माणसाबरोबर फिरतो. भिंतीतलं मॉड्यूल कुठे जात नाही. एकच नाव असलं तर लाइट आल्यावर जो राउटर आधी उठेल त्याला ते चिकटतं, मग तो लांबचा का असेना, आणि तिथून सुटत नाही. इथे मात्र रीसेट योग्य होतं: मागच्या खोलीतली मॉड्यूल रीतसर नव्या नावावर जोडली. सिग्नल उणे ५५ च्या आसपास स्थिरावला.

जोडणीच्या वेळी अडतं ते

बल्ब किंवा प्लग जोडताना दिवा भराभर लुकलुकत असेल तर तो ‘ईझी’ मोडवर असतो: मोबाइल वायफायवरून सांकेतिक पद्धतीने नाव-पासवर्ड हवेत सोडतो आणि उपकरण ते टिपतं. यात मोबाइल २.४ वर असणं महत्त्वाचं. सावकाश लुकलुकत असेल तर ‘एपी’ मोड: उपकरण स्वतःचा हॉटस्पॉट उघडतं आणि मोबाइलने त्यावर जाऊन माहिती द्यायची. पहिला मार्ग अडला की आम्ही दुसऱ्याकडे जातो. तो वेळ घेतो, पण भरवशाचा आहे. तेवढ्या वेळापुरता मोबाइल डेटा बंद ठेवायचा, नाहीतर ‘या वायफायवर इंटरनेट नाही’ म्हणत मोबाइल मधूनच निसटतो. व्हीपीएन बंद, लोकेशन चालू, आणि आयफोनवर ‘लोकल नेटवर्क’ची परवानगी दिलेली हवी.

वायफायचं नाव देवनागरीत ठेवणाऱ्यांसाठी एक गोष्ट. नावाला ३२ बाइटची मर्यादा असते. इंग्रजी अक्षर एका बाइटचं, देवनागरी चिन्ह तीन बाइटचं, आणि काना, मात्रा, हलन्त हे सगळं वेगळं मोजलं जातं. ‘श्री गजानन प्रसन्न’ हे नाव ५० बाइटचं होतं, ते बसतच नाही. बसणारं छोटं देवनागरी नावही काही उपकरणं नीट वाचत नाहीत. ५ गीगाहर्ट्झला हवं ते नाव द्या, २.४ ला साधी इंग्रजी अक्षरं आणि आकडे, मध्ये जागा न सोडता.

अमेरिकेतल्या मुलांनी किंवा भावंडांनी आणलेली उपकरणं भिंतीत लावण्याआधी मागचा छापील मजकूर वाचा. नुसतं ‘१२० व्होल्ट’ लिहिलं असेल तर आपल्या २३० वर ते जळेल. झेड-वेव्ह या बिनतारी पद्धतीचं असेल तर वीज जुळवूनही उपयोग नाही: तिकडची उपकरणं ९०८.४ मेगाहर्ट्झवर बोलतात, भारतातली ८६५.२ वर.

गिझरचा प्लग

हॉटस्पॉट शेजारी असूनही हा प्लग पडत होता, म्हणजे रेडिओचा दोष नाही. गिझरची पिन काढून, रिकाम्या प्लगचा रिले ॲपवरून चालू केला. टक् आवाज आला आणि त्याच क्षणी प्लग गेला. काही सेकंदांनी परत आला, तो ‘अपटाइम’, म्हणजे सुरू झाल्यापासूनचा वेळ, शून्यापासून मोजत. रिकामा असतानाही पडतोय, म्हणजे सैल सॉकेटचाही दोष नाही. प्लगमधल्या छोट्या वीजपुरवठ्यातच खोट होती.

हे वरचेवर दिसतं. ईएसपी८२६६ ३.३ व्होल्टवर चालतं आणि सिग्नल सोडताना सुमारे १७० मिलिअँपिअर खेचतं. त्यातच रिलेच्या कॉइलला प्रवाह लागतो. हा झटका सांभाळायला आत एक इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर असतो. गिझरचा प्लग रोज तापतो, त्या उष्णतेने कपॅसिटरमधलं द्रव्य वर्षागणिक सुकत जातं आणि त्याची साठवण घटते. मग रिले ओढला गेला की व्होल्टेज क्षणभर खाली बसतं आणि चिप नव्याने सुरू होते. ॲपला ते ‘वायफाय गेलं’ असं दिसतं. हा प्लग उघडून दुरुस्त करायच्या भानगडीत पडू नये. आतला भाग मेन्सपासून वेगळा केलेला नसतो, कुठलाही बिंदू २३० वर असू शकतो. आम्ही तो सरळ बदलला. २००० वॉटच्या गिझरला साधारण ८.७ अँपिअर आणि ३००० ला १३ लागतात, तेव्हा प्लग १६ अँपिअरचाच हवा, १० चा चालणार नाही.

झिगबीचे सेन्सर

झिगबीही २.४ च्याच पट्ट्यात राहतं. त्याचे चॅनेल ११ ते २६, प्रत्येक जेमतेम २ मेगाहर्ट्झ रुंद. आकडे सारखे असले तरी वायफायचा ११ आणि झिगबीचा ११ यांचा संबंध नाही. झिगबीचे ११ ते १४ वायफायच्या १ खाली येतात, १६ ते १९ हे ६ खाली आणि २१ ते २४ हे ११ खाली. मधल्या फटीत १५, २० आणि शेवटी २५, २६ उरतात. २६ वर काही उपकरणं बोलतच नाहीत. इथे झिगबी ११ वर होतं, म्हणजे वायफाय १ वर आणल्यामुळे त्याची अवस्था आणखी बिघडली असती. ते २५ वर नेलं. विजेवरची उपकरणं आपोआप मागे आली. बॅटरीवरच्या काही सेन्सरांना बटण दाबून जागं करावं लागलं.

त्याहून मोठा दोष झिगबीचा यूएसबी डोंगल (सेन्सरांशी बोलणारा रेडिओ) कुठे लावला होता त्यात निघाला: रास्पबेरी पाय या छोट्या संगणकाच्या निळ्या, म्हणजे यूएसबी ३ च्या भोकात, शेजारी हार्ड डिस्क. यूएसबी ३ चालताना २.४ च्या पट्ट्यात गोंगाट करतं. इंटेलने २०१२ मध्येच यावर टिपण प्रसिद्ध केलं आहे. दीड मीटरची साधी यूएसबी २ ची एक्स्टेन्शन वायर घेतली, डोंगल काळ्या भोकातून बाहेर काढून भिंतीवर उंच बसवला. याच वायरीने त्या घरातले अर्धे सेन्सर सुधारले.

उरलेले अर्धे बल्बच्या बटणामुळे जात होते. विजेवरचं झिगबी उपकरण दुसऱ्यांचे निरोप पुढे पोचवतं, बॅटरीवरचं नाही. मधल्या खोलीतला झिगबी बल्ब हाच मागच्या खिडकीच्या सेन्सरचा दुवा होता, आणि रात्री कोणीतरी भिंतीवरच्या बटणाने तो बल्ब बंद करायचं. बल्ब गेला की सेन्सरही मुका. मधल्या खोलीत कायम चालू राहणारा एक झिगबी प्लग लावला आणि सेन्सर त्याच्याजवळ नेऊन नव्याने जोडले, म्हणजे त्यांनी त्यालाच धरलं.

लाइट गेल्यावर

शेवटी सगळ्यात सोपी दिसणारी आणि सगळ्यात चिवट तक्रार. लाइट आली की बल्ब आणि मॉड्यूल काही सेकंदांत उठतात. फायबरचा डबा आणि राउटर उठून इंटरनेट यायला दोन-तीन मिनिटं जातात. तेवढ्या वेळात काही उपकरणं प्रयत्न करून थकतात आणि गप्प बसतात. पावसाळ्यात लाइट लागोपाठ लुकलुकते तेव्हा वेगळंच होतं. बल्ब रीसेट करायची रीतच मुळी तीन ते पाच वेळा भराभर बंद-चालू करण्याची असते, त्यामुळे लुकलुकणाऱ्या लाइटने बल्ब आपोआप रीसेट होऊन जोडणीच्या मोडवर जातात. टास्मोटाच्या उपकरणांवर ‘सेटऑप्शन६५ १’ दिलं की ही सवय बंद होते. बाकीच्यांसाठी खोलीच्या दिव्यांना स्मार्ट बल्ब न लावता भिंतीत मॉड्यूल आणि साधा एलईडी लावणं हाच पक्का मार्ग.

फायबरचा डबा, दोन्ही राउटर आणि रास्पबेरी पाय यांना बॅटरीचा आधार दिला. पहिल्या तिघांसाठी डीसी मिनी यूपीएस पुरतो, पण घेण्याआधी प्रत्येकाच्या ॲडॉप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर वाचायलाच हवेत: बरेचसे १२ व्होल्टचे असतात, काही ९ किंवा ५ चे, आणि पिनची जाडीही ५.५ बाय २.१ आणि ५.५ बाय २.५ अशी वेगळी निघते. राउटर जागा राहिला की लाइट येताच उपकरणांना जोडायला कोणीतरी तयार असतं. प्रत्येक उपकरणाची ‘वीज आल्यावरची स्थिती’ही तपासली. दिवे ‘आधी होते तसे’, पण गिझर कायम ‘बंद’, म्हणजे घरात कोणी नसताना लाइट आली तरी तो आपसूक सुरू होणार नाही.

मग मुख्य एमसीबी पाडून पंधरा मिनिटं थांबलो, पुन्हा चढवला आणि राउटरची यादी उघडून बसलो. पाच मिनिटांत एक सोडून सगळी नावं परत आली. राहिलेलं मॉड्यूल पॅसेजमधलं होतं. त्या बोर्डात न्यूट्रल नव्हता, म्हणून ते दिव्यातूनच आपली वीज घेत होतं आणि ५ वॉटच्या एलईडीतून त्याला पुरेशी मिळत नव्हती. दिव्याच्या दोन टोकांना समांतर, मॉड्यूलसोबतच्या खोक्यात आलेला बायपास कपॅसिटर जोडला. पुन्हा एमसीबी पाडून पाहिला, तेव्हा तेही आलं.